दुष्काळाने दिलेली सायकलवाट

हिवाळा लागला की रविवारी उजाडायच्या आत सोलापुरातून सायकली बाहेर पडतात. कुणी तुळजापूर रस्त्याने हिप्परग्याच्या तलावाकडे, कुणी विजापूर रस्त्याने वनविहार मागे टाकत टाकळीच्या पुलापर्यंत, कुणी नुसतंच होटगीच्या तळ्यावर जाऊन परत. ज्यांच्या मांड्यांत जास्त दम आहे ते बार्शी रस्त्याने नान्नजचा माळ गाठतात. रस्ता सपाट, बाजूला पाणी, मधेमधे झाडी, पाण्यावर पक्षी. पुण्याच्या माणसाला हे वर्णन सांगितलं तर तो विचारतो, अरे, हे सोलापूरच ना? त्याच्या डोक्यात सोलापूर म्हणजे ऊन, चादर आणि शेंगाचटणी.

त्याची शंका रास्त आहे. या भागाला निसर्गाने तळी दिलेली नाहीत आणि दाट झाडी तर नाहीच नाही. समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीचं हे पठार, वर काळी माती, खाली काळा कातळ. वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. पडलं ते पाणी सीना-भीमेला वाहून जायचं. अडवलं तरच थांबायचं. आज सायकलवरून जे पाणी दिसतं ते कुणीतरी कधीतरी बांध घालून अडवलेलं आहे. आणि हे अडवणं बऱ्याचदा पोटाला अन्न नसताना झालेलं आहे.

सर्वांत जुनं उदाहरण शहराच्या पोटातच आहे. सिद्धेश्वर तलाव बाराव्या शतकातला, सिद्धरामेश्वरांच्या काळातला. बसवेश्वरांचे समकालीन असलेल्या या शिवयोग्याने भक्तांच्या श्रमातून तलाव खोदवला, असं परंपरा सांगते. संक्रांतीच्या गड्डा यात्रेला येणारी गर्दी देवळाकडे बघते, पण तलाव हीच खरी मोठी गोष्ट होती असं मला नेहमी वाटतं. पाण्याशिवाय या माळावर एवढं गाव वसलंच नसतं.

त्यानंतरचा मोठा टप्पा इंग्रजांचा. शहराच्या उत्तरेला अदिला नदीवर दोन किलोमीटरहून लांब मातीचा बांध घालून एकरुख तलाव केला, तो 1871 साली पुरा झाला. गावकरी त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतात. शेतीला कालवे निघाले, पुढे शहरालाही इथलं पाणी मिळालं. तलाव पसरट आणि काठाला उथळ. पाणी ओसरू लागलं की चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो आणि पाणपक्ष्यांना तोच हवा असतो. थंडीत चक्रवाक येतात, पट्टकदंब हंस येतात, नशीब असेल तर रोहित (फ्लेमिंगो). हंस हिमालय ओलांडून येतात आणि आपण तिथवर सायकल मारून दमलो म्हणून चहा मागतो, ही तुलना तिथे उभ्या प्रत्येकाने एकदा तरी केलेली असते.

एकरुखचं पाणी अडून पाच वर्षं होतात न होतात तोच 1876चा दुष्काळ आला. मुंबई इलाख्यात ज्या जिल्ह्यांचे सर्वांत जास्त हाल झाले त्यांत सोलापूर होतं. सरकारने दुष्काळी कामं काढली, त्यातून मोहोळकडचा आष्टी तलाव उभा राहिला. माणसांना फुकट धान्य द्यायचं नाही, कामाच्या बदल्यात मजुरी द्यायची, हे तेव्हाचं धोरण. ती मजुरीही इतकी कमी की तिच्यावरून त्याच काळात ओरड झाली. तरीही तलाव राहिला, रस्त्यांचे भराव राहिले. पुढे प्रत्येक दुष्काळात हाच साचा वापरला गेला: माती उकरा, दगड फोडा, मजुरी घ्या.

1972 साली तो साचा आपल्या आजी-आजोबांच्या वाट्याला आला. त्यांच्या तोंडून ‘बहात्तरचा दुष्काळ’ ऐकलेला नाही असं घर जिल्ह्यात सापडणार नाही. सुकडी, अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी, आणि खडी. खडीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आपली चाकं त्यावरूनच फिरतात. मोठा धोंडा सुतकीने फोडायचा, त्याचे तुकडे बायकांनी हातोडीने बारीक करायचे, बसायला अंगाखाली पोत्याचा तुकडा आणि बोटांना चिंधी. फोडलेल्या खडीचा चौकोनी ढीग रचायचा, मुकादम त्याला लांबी-रुंदी-उंचीचं माप लावणार, त्यावर मजुरी. ढीग आत पोकळ ठेवून माप वाढवण्याची युक्ती होती आणि ती ओळखण्याची मुकादमाची युक्तीही होती. मग मुरूम, पाणी आणि रोलर. डांबर अनेक ठिकाणी कितीतरी वर्षांनी आलं.

या कामांची एक गंमत अशी की मागणी रस्त्याची नव्हती, कामाची होती. त्यामुळे जिथे बैलगाडीही दिवसाला दोनदा जायची नाही, अशा गावांनाही कच्ची सडक मिळाली. अर्धवट सुटलेले रस्ते, वाहून गेलेल्या मोऱ्या यांवर तेव्हा भरपूर टीका झाली आणि ती खोटी नव्हती. पण याच अनुभवातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली, 1977 साली तिचा कायदा झाला, आणि मागाहून देशाने तोच धडा गिरवला. रस्त्यांच्या जोडीला पाणी जमिनीत मुरवणारे पाझर तलाव झाले, ओढ्या-नाल्यांना बांध घालणारं नालाबंडिंग झालं. सोलापूरभोवती कोणत्याही आडरस्त्याला लागा, एखादा पाझर तलाव लागतोच. जानेवारीत त्यात पाणी असतं आणि काठाला बगळे असतात, मेमध्ये नुसती भेगाळलेली माती.

झाडीचं म्हणाल तर तीही बरीचशी लावलेली. सत्तरच्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र विकास कार्यक्रम आला. वन खात्याने माळांवर कुंपणं घातली, गवत राखलं, रोपं लावली. नान्नजचे प्लॉट त्यातलेच. राखलेल्या गवतात माळढोक टिकून असल्याचं पक्षिनिरीक्षकांनी दाखवून दिलं आणि 1979 साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं. कागदावर त्याचं क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या जवळपास होतं, म्हणजे गावं, शेतं, सरकारी कचेऱ्या, सगळंच अभयारण्यात! लोकांचा राग साहजिक होता. पुढे ते घटवून सव्वाबाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं.

इथे एक खटकणारी गोष्ट आहे. माळढोकाला झाड नको असतं. त्याला लांबवर दिसणारं उघडं गवताळ रान लागतं. ‘माळ म्हणजे पडीक जमीन’ असं धरून जिथे गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावली गेली, तिथे सायकलस्वाराला सावली मिळाली, पण माळढोकाची जागा गेली. आज नान्नजला काळवीट हमखास दिसतात, लांडगाही कधीतरी दिसतो. माळढोक दिसला असं कुणी सांगितलं तर लोक आधी फोटो मागतात.

आता सायकलीकडे. आज आपण चालवतो त्या घडणीची, दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि मागच्या चाकाला साखळी असलेली सायकल 1885 साली इंग्लंडात स्टार्लीने बाजारात आणली, हवेचा टायर डनलॉपने 1888 साली केला. सोलापूरची जुनी मिल 1877ची. म्हणजे मिल सायकलीहून वयाने मोठी आणि रेल्वे तर दोन्हींहून, ती 1860 सालीच इथे पोचली होती. सायकल गावात आली ती साहेबांची, वकिलांची चैन म्हणून. स्वातंत्र्यानंतर ॲटलस, हीरो, हर्क्युलिस देशात बनू लागल्या तशी ती मिलच्या भोंग्याला बांधली गेली. पाळी सुटली की सायकलींचा लोंढा. मिलबाहेर हातमाग-यंत्रमागाच्या वस्त्यांत सुताची बाचकी, साड्यांचे गठ्ठे, पोरं, दळण, सगळं कॅरिअरवर. नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला नसेल तर दंड, रात्री दिवा नसेल तर दंड, डबलसीट दिसलं तर चाकाची हवा सोडायची. तासावर भाड्याने सायकल देणारी दुकानं होती, तिथेच गावातली बहुतेक पोरं पडत-झडत शिकली. मिल बंद पडत गेल्या, लुना आणि मग मोटारसायकली आल्या, आणि सायकल गरिबीची खूण ठरली. एका पिढीने ती अडगळीत टाकली आणि त्याच घरातल्या पुढच्या पिढीने हप्त्यावर गिअरची आणली.

या नव्या सायकलवाल्यांनी जुने रस्ते पुन्हा शोधले. विजापूर इथून साधारण शंभर किलोमीटर, जाऊन-येऊन दोनशे. ‘ब्रेव्हे’ नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, त्यामुळे हा हिशेब इथे तोंडपाठ असतो. ही पद्धत पॅरिसच्या एका क्लबने 1921 साली सुरू केली, स्पर्धा नाही, फक्त वेळेत पोचायचं. सपाट रस्ता म्हणून सोपं, असं मात्र समजू नये. घाटात चढ संपला की उतार तरी असतो. इथे पावसाळ्यात पश्चिमेचा वारा तोंडावर घेतला की तीस-चाळीस किलोमीटर तो सोडतच नाही.

दुसरा वैरी सराटा. तलावाच्या बांधावरून किंवा शेतरस्त्याने गेलात की टायरला चार-सहा सराटे चिकटलेच. काटेरी फळ, कसंही पडलं तरी एक काटा वर. जुनी मंडळी म्हणायची, सराटा दिसला तर उपटायचा नाही, तिथेच हवा जाते. आणि वेड्या बाभळीचा काटा तर चपलेचा तळ भेदतो, टायरची काय कथा. गावाकडच्या पंक्चरवाल्याकडे बारीक टायरची ट्यूब पाण्याच्या टोपात फिरवली की एका जागी नाही, माळेसारखे बुडबुडे येतात. तो तुमच्याकडे बघतो, तुमच्या शिरस्त्राणाकडे बघतो आणि विचारतो, “केवढ्याला घेतली?” आकडा ऐकल्यावर पुढचं संभाषण सायकलबद्दल राहत नाही.

मधल्या काळात हायवे बदलले. पुणे-हैदराबाद, विजापूर, तुळजापूर, सगळे चौपदरी होत गेले आणि कडेची जुनी वडा-लिंबाची झाडं गेली. तुळजापूरला कोजागरीला पायी जाणाऱ्या लाखभर पायांना आणि सायकलींना आता त्या सावलीची आठवण तेवढी आहे. गळिताच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, पहाटेच्या धुक्यात. म्हणून सायकली आत वळल्या. 2000 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने गावरस्त्यांवर डांबर पडलं होतं, त्यातले बरेच त्याच जुन्या खडीच्या सडकांच्या अंगावर. हत्तरसंग-कुडलला, भीमा-सीनेच्या संगमावर, शके 940चा मराठी शिलालेख बघायला आता अशा रस्त्यांनी आरामात जाता येतं. वाटेत ज्वारी, मग ऊस, मग पुन्हा ज्वारी.

ऊस आला तो उजनीमुळे. 1980 साली भीमेवरचं ते धरण पुरं झालं आणि जिल्ह्याचं पाणी पार बदललं. सोलापूरकरांना प्यायलाही त्यातलंच पाणी, काही जलवाहिनीने आणि काही नदीतून औज बंधाऱ्यापर्यंत सोडलेलं. टाकळीच्या पुलावर उभं राहिलं तर भीमा भरलेली दिसते तेव्हा पाऊसच झाला असेल असं नाही. उजनीचं आवर्तन, म्हणजे धरणातून पाळीने सोडलेलं पाणी, सुटलेलं असतं. आता एकरुख उपसा योजनेतून उजनीचं पाणी हिप्परग्याच्या तलावातही आणलं जातं, ते पुढे दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटच्या शेतीसाठी. अक्कलकोटच्या शेतकऱ्याने त्यासाठी किती वर्षं वाट पाहिली ते त्यालाच विचारा. पक्षिनिरीक्षकांची चिंता वेगळी: तलाव उन्हाळ्याच्या तोंडाशीही भरलेला राहू लागला तर काठचा तो चिखलाचा पट्टा उघडा कधी पडणार, आणि चिखलात चोच घालून जगणारे पक्षी उतरणार कुठे? अजून तरी पाणी एखाद्या वर्षी वर असतं, एखाद्या वर्षी खाली. यंदा बांधावर जाणार असाल तर पाणी किती आहे ते आधी कुणाला तरी विचारून घ्या, आणि जादा ट्यूब न्या.