युकॉन म्हणजे कॅनडाचं चंडीगड नव्हे

कॅनडाचे १० प्रांत आणि वर उत्तरेला पसरलेल्या ३ टेरिटरी: युकॉन, नॉर्थवेस्ट टेरिटरीज आणि नुनावुट. इथपर्यंत कुणाचंच चुकत नाही. चुकतं ते पुढच्या वाक्याला. "म्हणजे आपल्याकडे राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश असतात, तसंच ना?" भाचीला तिकडे ॲडमिशन मिळालेली एखादी मावशी हे विचारते, तेव्हा मी "हो, साधारण" म्हणून सोडून देतो. पण बातमीत 'युकॉन या केंद्रशासित प्रदेशात' असं छापून आलं की माझं डोकं फिरतं.

आपली बाजू तुम्हाला पाठ आहे. २८ राज्यं, ८ केंद्रशासित प्रदेश. राज्याला राज्यपाल आणि विधानसभा, केंद्रशासित प्रदेश राष्ट्रपतींच्या नावाने केंद्र चालवतं, दिल्ली, पुदुच्चेरी आणि जम्मू-काश्मीरला विधानसभा आहे. बास. आता हे बाजूला ठेवा, कारण तिकडे नेलं की ते दोन्ही टोकांना तुटतं.

('प्रांत' हा शब्दही मला फारसा रुचत नाही. प्रांत म्हटलं की मला फेरफाराचं अपील आणि प्रांतसाहेब आठवतात. पण दुसरा बरा शब्द नाही, तेव्हा प्रांतच. टेरिटरीला मात्र मी टेरिटरीच म्हणणार.)

गोंधळ का होतो, तर रोजच्या व्यवहारात प्रांत आणि टेरिटरी अगदी सारखे दिसतात म्हणून. युकॉनमध्ये लोकांनी निवडलेली विधानसभा आहे, प्रीमियर म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री आहे, मंत्रिमंडळ आहे. शाळा, दवाखाने, रस्ते तेच सरकार बघतं. देशाची राजधानी ओटावाहून कुणी अधिकारी येऊन व्हाइटहॉर्सच्या, म्हणजे युकॉनच्या राजधानीतल्या, शाळा चालवत नाही. म्हणूनच 'केंद्रशासित' हा शब्द तिथे खोटा पडतो. चंडीगडला विधानसभाच नाही. युकॉनला सगळं आहे.

मग फरक कशात? सातबाऱ्यात. प्रांताचे अधिकार १८६७च्या राज्यघटनेतून येतात. कलम ९२मध्ये प्रांताचे विषय लिहिलेले आहेत आणि कलम १०९ने जमिनी आणि खाणी प्रांताच्या. ओटावाला ते आवडो न आवडो, संसदेत साधं बहुमत जमवून त्यांना हात लावता येत नाही. टेरिटरीचे अधिकार मात्र संसदेने केलेल्या कायद्यातून येतात. युकॉनचा वेगळा कायदा, नॉर्थवेस्ट टेरिटरीजचा वेगळा, नुनावुटचा वेगळा. संसदेने दिलं, ते संसदेला कागदावर तरी बदलता येतं. प्रांत स्वतःच्या नावावरची जमीन कसतो. टेरिटरीही तितकंच पीक काढते, पण उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं.

हे नुसतं वकिली बोलणं वाटत असेल तर १९७९ची गोष्ट ऐका. तोवर युकॉनमध्ये खरी सत्ता ओटावाने नेमलेल्या कमिशनरकडे होती. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रातले मंत्री जेक एप यांनी कमिशनर आयोन क्रिस्टेन्सन यांना पत्र लिहिलं: इथून पुढे निवडून आलेल्या मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चाला. कमिशनरबाईंनी राजीनामा दिला आणि युकॉनमध्ये जबाबदार सरकार, म्हणजे निवडून आलेल्या विधानसभेला उत्तर देणारं सरकार, आलं. एका पत्राने! घटनादुरुस्ती नाही, नवा कायदा नाही, मंत्र्याचं पत्र. ऑन्टारिओसारख्या प्रांतात असं पत्र कुणी पाठवण्याचा प्रश्नच येत नाही.

जमिनीचंही तसंच. युकॉनच्या जमिनी आणि खनिजांचा कारभार त्यांच्या सरकारकडे आला २००३मध्ये, नॉर्थवेस्ट टेरिटरीजकडे २०१४मध्ये. नुनावुटच्या करारावर सह्या झाल्या जानेवारी २०२४मध्ये आणि प्रत्यक्ष हस्तांतराची मुदत एप्रिल २०२७. हप्त्याहप्त्याने, वाटाघाटी करून. प्रामाणिकपणे सांगायचं तर इथे माझीही मांडणी थोडी वाकते: मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा हे प्रांत असूनही त्यांच्या जमिनी १९३०पर्यंत ओटावाने स्वतःकडेच ठेवल्या होत्या. तो राग अल्बर्टाच्या राजकारणात अजून सापडतो.

आता दुसरं टोक. आपलं राज्य म्हणजे तिकडचा प्रांत, हेही पूर्ण खरं नाही. आपल्या घटनेच्या कलम ३प्रमाणे संसद राज्याच्या सीमा बदलू शकते. विधानसभेचं मत मागवायचं असतं, मानायलाच हवं असं नाही. २०१९मध्ये एका राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश झालेले आपण पाहिले. कॅनडात प्रांताची सीमा त्याच्या विधानसभेच्या होकाराशिवाय हलत नाही. तिकडचा प्रांत आपल्या राज्यापेक्षा बराच टणक आहे.

आणि उलटा प्रवास, म्हणजे टेरिटरीचा प्रांत होणं? गोव्याचं उदाहरण आपल्या घरातलं. १९६७च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात यायला नकार दिला, वीस वर्षं केंद्रशासित राहिला आणि ३० मे १९८७ला राज्य झाला. काम दिल्लीतच झालं, बाकीच्या राज्यांना विचारावं लागलं नाही. कॅनडातही एके काळी हे सोपं होतं: १९०५मध्ये नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधून अल्बर्टा आणि सस्कॅचेवान कापून काढले ते संसदेच्या कायद्यानेच. १९८२च्या घटना कायद्याने ते दार जवळजवळ लावून घेतलं. आता नवा प्रांत करायचा तर संसदेबरोबरच किमान सात प्रांतांची संमती हवी आणि त्या सात प्रांतांत मिळून देशाची निम्मी लोकसंख्या असायला हवी. चाळीस हजार वस्तीच्या युकॉनला प्रांत व्हायचं असेल तर आधी इतरांच्या दारात उभं राहायचं. गोव्याला हे करावं लागलं असतं तर?

'टेरिटरी म्हणजे छोटी, म्हणून दर्जा कमी' हेही सारखं ऐकू येतं. नुनावुटमध्ये जवळपास सात महाराष्ट्र मावतील. उलट प्रिन्स एडवर्ड आयलंड हा आख्खा प्रांत आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा किंचितच मोठा. लोकसंख्येचा मुद्दा थोडा बरा: २०२१च्या जनगणनेत या बेटावर दीड लाखाच्या वर माणसं होती, नुनावुटमध्ये ३७ हजारांच्या आत. पण बेटाला ४ सिनेटर (संसदेच्या वरच्या सभागृहाचे सदस्य) आणि ४ खासदार आहेत, नुनावुटला एकेकच. चौपट माणसांना चौपट खासदार, म्हणजे हिशेब बरोबर वाटेल. तो योगायोग. प्रांताच्या खासदारांची संख्या त्याच्या सिनेटरांपेक्षा कमी असू नये असं घटनेत १९१५पासून लिहिलेलं आहे, म्हणून बेटाचे चार. माणसं घटली तरी चारच.

आपल्या लोकांना पाडणारा खड्डा आणखी एक: लेफ्टनंट गव्हर्नर. आपल्याकडे हे पद दिसलं की समजावं, केंद्रशासित प्रदेश. कॅनडात नेमकं उलट. लेफ्टनंट गव्हर्नर असतो प्रांताला, राजाचा (ब्रिटनचा राजाच कॅनडाचाही राजा) प्रतिनिधी म्हणून. टेरिटरीला असतो कमिशनर आणि तो केंद्र सरकारचा प्रतिनिधी. ऑन्टारिओच्या लेफ्टनंट गव्हर्नरला 'नायब राज्यपाल' म्हणून छापलं की वाचणाऱ्याचा गैरसमज पक्का झालाच.

बाकीचं किरकोळ. टेरिटरीत फक्त ५ टक्के जीएसटी लागतो तो केंद्रशासित म्हणून नव्हे. अल्बर्टातही तेवढाच लागतो. पीआरसाठी, म्हणजे तिकडे कायम राहण्याच्या परवान्यासाठी, जी 'प्रोव्हिन्शियल नॉमिनी' (प्रांताने नाव सुचवायचं) योजना सगळे शोधत असतात, ती नावात प्रोव्हिन्शियल असूनही युकॉन आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्येही चालते. ओटावा दिल्लीसारखं वेगळं काढलेलं नाही, ते ऑन्टारिओतलं एक शहर आहे. पूर्व किनाऱ्यावरचे मॅरिटाइम प्रांत तीन, त्यात न्यूफाउंडलंड-लॅब्राडोर मिळवला की अटलांटिक प्रांत चार. आणि ब्रिटिश कोलंबियाची राजधानी व्हिक्टोरिया ही व्हँकुव्हर बेटावर आहे, व्हँकुव्हर शहर त्या बेटावर नाही. यात माझा काही दोष नाही.