पास्कलचा नियम

बंदिस्त व स्थिर द्रायूवर (द्रव किंवा वायूवर) एका ठिकाणी दाब वाढविला, तर ती वाढ द्रायूच्या प्रत्येक बिंदूपर्यंत व पात्राच्या भिंतींपर्यंत जशीच्या तशी पोहोचते, असे सांगणारा द्रायुस्थितिकीतील (स्थिर द्रायूंच्या अभ्यासातील) नियम. ब्लेझ पास्कल (१६२३–६२) या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने तो ओळखला जातो. ‘द्रायूत सर्वत्र दाब सारखा असतो’ हे शाळकरी वह्यांतील त्याचे रूप सदोष आहे. सर्वत्र सारखी असते ती बाहेरून दिलेली वाढ, द्रवाच्या स्वतःच्या वजनाचा दाब खोलीबरोबर वाढतच जातो (पाण्यात दर १० मी.ला जवळजवळ एक वातावरण, म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाएवढा). स्थिर द्रायूला कर्तन प्रतिबल (पृष्ठभागाला समांतर, थर सरकविणारा ताण) पेलता येत नाही. त्यामुळे त्याचा दाब पृष्ठभागाला लंब दिशेनेच पडतो आणि एका बिंदूपाशी सर्व दिशांनी समान असतो.

पास्कल यांचे विवेचन द्रवांच्या समतोलावरील प्रबंधात आहे. तो १६५३-५४ च्या सुमारास लिहिला गेला असावा. छापला गेला तो त्यांच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये. नियमाचे श्रेय सर्वस्वी त्यांना द्यावे का, याविषयी मतभेद आहेत. तळावरील दाब पात्राच्या आकारावर नव्हे, तर द्रवाच्या उंचीवर अवलंबून असतो, हे फ्लेमिश गणितज्ञ सिमॉन स्टेव्हिन यांनी १५८६ मध्येच मांडले होते. तथापि दाबाचे संक्रमण आणि त्यावर चालणारे बलवर्धक यंत्र यांची सलग मांडणी पास्कल यांच्याकडे आढळते. त्यामुळे रूढ नाव अप्रस्तुत वाटत नाही.

पाण्याने भरलेल्या पिंपाला उंच, अरुंद नळी जोडून थोड्याशा पाण्याने ते फोडल्याचा प्रसिद्ध प्रयोग पास्कल यांच्या उपलब्ध लेखनात नाही. तो मागाहून त्यांच्या नावावर जमा झाला असावा. प्रयोगामागील गणित मात्र बिनचूक आहे : १ सेंमी. व्यासाच्या १० मी. उंच नळीत पाऊण लिटरहून थोडेच अधिक पाणी मावते, पण पिंपाच्या भिंतींवरचा दाब वातावरणाएवढा वाढतो. प्रबंधात खरोखर वर्णिलेल्या प्रयोगांवरही शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल यांनी १६६६ मध्ये शंका घेतली. मांडीला नळी लावून वीस फूट पाण्याखाली बसलेला माणूस तेथे टिकणार कसा, हा त्यांचा प्रश्न होता. यांतील काही प्रयोग वैचारिकच असावेत, हे मत अधिक ग्राह्य दिसते.

बलवर्धक यंत्रात द्रवाने जोडलेल्या दोन नळकांड्यांतील दट्ट्यांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर १:१०० असल्यास बल शंभरपट मिळते, मात्र मोठा दट्ट्या शंभरावा हिस्साच सरकतो. म्हणजे कार्य वाढत नाही. ही गोष्ट पास्कल यांनीही नोंदविली आहे. इंग्रज संशोधक जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये याच तत्त्वावरील द्रवीय दाबयंत्राचे एकस्व (पेटंट) मिळविले. वायूंनाही नियम लागू पडतो, परंतु दट्ट्याच्या हालचालीचा बराच भाग वायूच्या संपीडनात (दाबून आकारमान घटण्यात) खर्च होतो. वाहनाच्या ब्रेकच्या नळीत हवा शिरल्यास पायटा (पेडल) मऊ लागतो, तो यामुळे. याउलट, एका वातावरण दाबाने पाण्याचे आकारमान सुमारे १/२०,००० इतकेच घटते.

दाबाच्या एसआय एककाला १९७१ मध्ये ‘पास्कल’ हे नाव देण्यात आले (१ पास्कल = १ न्यूटन प्रति चौ. मी.).