खुलासा : मोठा पगार म्हणजे मोठी शिल्लक?

परदेशी इंग्रजी शिकवू पाहणाऱ्या मुंबईकरांच्या ग्रुपांवर एक मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय : 'रुपयांत सर्वांत जास्त पगार देणारा देश निवडा, बाकी सगळं आपोआप जमतं.'

पण पगार तिथे मिळतो आणि खर्चही तिथेच होतो. समजा, एका शहरात महिना २ लाख मिळतात. घरभाडं ८० हजार, कर-विमा ३५ हजार, जेवण-प्रवास ५० हजार. हातात उरले ३५ हजार. दुसरीकडे १ लाख २० हजारच, पण घर शाळेचं आणि खर्च ५० हजार. उरले ७० हजार.

देशोदेशीचे नियमही पाहावे लागतात. आखाती देशांत सहसा पगारावर प्राप्तिकर नाही. जपानमध्ये मात्र स्थानिक निवासी कर आदल्या वर्षीच्या कमाईवर लागतो, म्हणून नव्या माणसाला तो सहसा दुसऱ्या वर्षी भरावा लागतो. शिवाय तिथे बऱ्याच घरांसाठी घरमालकाला परत न मिळणारी रक्कमही द्यावी लागते.

पैशांइतकाच वेळ महत्त्वाचा, माझ्या मते जास्तच. बदलापूरहून सीएसएमटीला रोज लोकलमध्ये उभं राहून जाणाऱ्याला हे सांगायला नको. नोकरीच्या जाहिरातीतले 'आठवड्याला २५ तास' म्हणजे बहुधा फक्त वर्गातले तास. तयारी आणि वह्या तपासणं वेगळं.

सही करण्याआधी करार मागवा. सुट्टीतल्या महिन्यांचा पगार, घर, विमा, परतीचं तिकीट आणि शाळेत थांबायचे एकूण तास लेखी आहेत का, बघा. शाळेजवळची भाडी तिथल्या जाहिरातींत पाहा आणि तिथे सध्या शिकवणाऱ्या शिक्षकाला थेट विचारा : संध्याकाळी घरी किती वाजता पोचता?