हार्ड डिस्क ‘गेली’ की नुसती ‘सुटली’?

“कॉपी करताना मधेच गायब होते, म्हणजे डिस्क गेली.” यूएसबीने बाहेरून लावायच्या हार्ड डिस्कबद्दल हे कुणी म्हणालं की मी लगेच विचारतो, गायब होते की अडकते? या दोन गोष्टींची गल्लत झाली की चांगल्या डिस्क भंगारात जातात, आणि खरोखर मरायला टेकलेल्या डिस्कवर लोक केबली बदलत बसतात.

खराब होत चाललेली डिस्क कशी वागते ते बहुतेकांनी पाहिलेलं असतं. फोल्डर उघडायला मिनिटं लागतात, कॉपी एका जागी थिजते. पण संगणकावर दिसणारं डिस्कचं अक्षर (E:, F: वगैरे) बहुतेक वेळा जागेवरच असतं. ती आतल्या आत तोच सेक्टर, म्हणजे साठवणीचा छोटा तुकडा, पुन्हापुन्हा वाचायचा प्रयत्न करत असते.

सुटणाऱ्या डिस्कचं तसं नसतं. कॉपी झकास चाललेली असते, अचानक यूएसबी काढल्याचा आवाज येतो, अक्षर नाहीसं होतं आणि क्षणभरात पुन्हा हजर! इथे संशय आधी केबल, पोर्ट आणि विजेवर घ्यायचा. प्रमाणानुसार यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, ३.० पोर्ट ९००. अडीच इंची डिस्क तबकडी फिरवायला सुरुवात करताना क्षणभर एक अँपिअरच्या आसपास मागू शकते. त्यात लांब, बारीक केबल किंवा अडॅप्टर नसलेला हब (एका पोर्टाचे अनेक करणारी डबी) मधे आला की वीज कमी पडलीच.

सगळ्यात जास्त फसवते ती टिकटिक. ती ऐकली की दुकानदारसुद्धा ‘हेड’, म्हणजे तबकडी वाचणारं टोक, ‘गेलं’ म्हणून मोकळा होतो. पण वीज पुरेशी नसली की डिस्क हेड मागे ओढून घेते, तेव्हाही टिक होतं. वीज आली की तबकडी फिरू लागते, पुन्हा वीज कमी पडते, पुन्हा टिक. म्हणून निदान करण्याआधी आखूड, चांगली केबल घ्या आणि कॅबिनेटच्या मागच्या पोर्टात लावा. टिकटिक थांबली तर प्रश्न विजेचा होता. तिथेही आणि दुसऱ्या संगणकावरही चालूच राहिली, तर ताबडतोब डिस्क काढा. प्रत्येक टिकीला आतला डेटा धोक्यात असतो.

शेजारच्या ताईंच्या डिस्कमध्ये लेकीचे लहानपणापासूनचे फोटो होते. एका दुकानात ‘गेली’ असं सांगितलं होतं. केबलचं ते रुंद, चपटं मायक्रो-बी टोक मी बोटाने जरासं हलवलं आणि डिस्कचा दिवा विझला. दुसरी केबल लावली, सगळे फोटो जागच्या जागी होते.

पुरावा हवा तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधला सिस्टम लॉग, म्हणजे घडामोडींची नोंदवही, उघडा. १५७ क्रमांकाची नोंद म्हणजे डिस्क न सांगता निघून गेली. ७ क्रमांकाची म्हणजे बॅड ब्लॉक, डिस्कवरची खराब जागा. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये सी५चा (वाचता न आलेल्या सेक्टरांचा) आकडा वाढत असेल तर डिस्कच दोषी. सी७ वाढलेला दिसला की लोक यूएसबी केबल बदलतात, ते मात्र चूक आहे. तो आकडा डिस्क आणि तिच्या बाहेरच्या डबीतलं सर्किट यांच्यातल्या साटा (SATA) जोडणीतल्या चुकांचा असतो. यूएसबी केबलचा त्याच्याशी संबंध नाही.

डिस्क नुसती पडून असतानाच सुटत असेल, तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वापरात नसलेलं यूएसबी उपकरण झोपवणारी सोय) बंद करून बघा.

एक कळकळीची विनंती. निदान होईपर्यंत फॉरमॅट करू नका, आणि कुणी सांगितलं म्हणून ‘चेकडिस्क’ (chkdsk) ही विंडोजची डिस्क तपासायची आज्ञा /आर लावून चालवू नका. ती आज्ञा पूर्ण डिस्क वाचून काढते. मरणाऱ्या डिस्कला ते झेपत नाही, आणि सुटणारी डिस्क दुरुस्तीच्या मधेच सुटली तर फाइलींची रचना आणखी बिघडू शकते. आधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवा.

साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा स्वतःचा अडॅप्टर असतो. तिच्या बाबतीत पोर्टच्या विजेच्या मागे न लागता आधी तो अडॅप्टर बदलून बघा. नवा घेताना व्होल्ट तेवढेच हवेत, आणि अँपिअरचा आकडा जुन्याइतका किंवा जास्त हवा.