पोफळी आडव्या झाल्या, आरती झाली

3 जून 2020 च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं. वारा ताशी शंभराच्या वर. पोफळीचं, म्हणजे सुपारीच्या झाडाचं, खोड उंच आणि बारीक. श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या वाड्याच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. नव्या रोपाला सुपारी धरायला पाच-सहा वर्षं तरी लागतात. त्यानंतर 80 दिवसांनी गणपती आले. छपरावर ताडपत्री, त्यात करोना. अशात आरत्या कसल्या करता, असं विचारणारे भेटलेच.

या प्रश्नाला शरीराकडे एक उत्तर आहे. 2010 च्या एका अभ्यासात ऑक्सफर्डच्या संशोधकांनी होड्या वल्हवणारे 12 खेळाडू घेतले. व्यायामाच्या यंत्रावर 45 मिनिटं वल्हवायचं, कधी एकट्याने, कधी गटाने एका लयीत. मग रक्तदाबाचा पट्टा दंडावर आवळत न्यायचा आणि दुखतं म्हणून कुठे थांबवतात ते बघायचं. मेहनत तेवढीच, पण गटात वल्हवल्यावर सोसण्याची ताकद एकट्याने वल्हवल्यापेक्षा जास्त वाढलेली निघाली. हे काम एंडॉर्फिनचं असावं, असा संशोधकांचा अंदाज. एंडॉर्फिन म्हणजे मेंदू स्वतःच तयार करतो ती वेदनाशामकं. रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर एका लयीत ओढणाऱ्यांना यात नवल वाटायचं नाही.

गाण्याचंही तसंच. 2016 च्या एका अभ्यासात लहान गायनवृंद आणि 232 जणांचा मोठा वृंद तपासला. दोन्हीकडे गाऊन झाल्यावर दुखणं जास्त सोसवत होतं. मोठ्या वृंदात तर एकमेकांना नीट न ओळखणारे लोकही जवळ आले. तळकोकणात देवापुढे गाऱ्हाणं घालताना एक जण संकटं मोजतो आणि बाकीचे एका दमात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. संकट तसंच राहतं, पण ते एकट्याचं राहत नाही.

त्या वर्षी बरेच चाकरमानी मुंबईतच अडकले. काहींनी मोबाइलवरून आरती धरली आणि पंचाईत झाली. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, तेवढ्यात टाळी चुकते. गावचे ‘जय देव’वर, तर डोंबिवलीचे अजून मागच्याच ओळीवर. शेवटी कुणीतरी तिकडचा आवाज बंद केला, आणि मुंबईकर पडद्यावर नुसते तोंड हलवत, इकडच्या झांजांवर टाळ्या देत राहिले.

विड्यावर ठेवायची रोठा जातीची सुपारी मात्र घरचीच होती. वादळाआधी उतरवून माळ्यावर ठेवलेली.