वाटीखालची कंडरा आणि रोनाल्डो

१२ एप्रिल २००० ला रोममध्ये लाझिओविरुद्ध ब्राझीलचा रोनाल्डो इंटर मिलानकडून बदली खेळाडू म्हणून उतरला. उजव्या गुडघ्याची कंडरा (टेंडन) नोव्हेंबर १९९९ मध्ये अर्धवट फाटली होती, त्यावर शस्त्रक्रिया झाली होती. जेमतेम पाच महिन्यांत परतणं माझ्या मते घाईचंच. दहा मिनिटंही झाली नसतील, चेंडू घेऊन वळताना तोच गुडघा गेला. कुणी धक्का दिला नव्हता. या वेळी कंडरा पूर्ण तुटली होती.

क्रिकेटपटूंमुळे आपल्याकडे एसीएल (गुडघ्याच्या आतला, दोन हाडं जोडणारा अस्थिबंध) घरोघरी पोचलंय. ही दुखापत वेगळी. ही कंडरा गुडघ्याची वाटी नडगीच्या हाडाला बांधून ठेवते. ती तुटली की मांडीचा स्नायू वाटी वर ओढून घेतो आणि झोपल्या जागी गुडघा ताठ ठेवून पाय उचलता येत नाही. निदानाला बहुतेकदा एवढंच पुरतं.

शस्त्रक्रियेचं मूळ तंत्र जुनंच आहे. कंडरेत जाड धागा ओवायचा, वाटीत उभी छिद्रं पाडून आरपार न्यायचा आणि वर गाठ मारायची. धागा ताणाखाली निसटू नये म्हणून क्रॅको या शल्यविशारदाने १९८६ मध्ये कडेकडेने अडकत जाणारा टाका सुचवला. तो आजही घालतात. वाटीच्या वरची कंडराही अशीच शिवतात. १९९७ मध्ये पायरीवरून घसरलेल्या अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांची ती फाटली होती. शस्त्रक्रियेनंतर आठवडाभरातच ते चाकाच्या खुर्चीतून हेलसिंकीत रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांना भेटले.

खरा फरक पडतो तो वेळेने. सिवेक आणि राव या डॉक्टरांनी १९८१ मध्येच दाखवलं, की लगेच शिवलेले गुडघे उशिरा शिवलेल्यांपेक्षा खूप चांगले राहतात. उशीर झाला की स्नायू आखडतो, टोकं जुळत नाहीत, मग दुसरीकडची कंडरा आणून जोडावी लागते. पूर्वी शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे अख्खा पाय प्लास्टरमध्ये असायचा. कंडरा जुळायची, पण गुडघा आखडायचा आणि मांडी बारीक व्हायची. आता गुडघ्याला आधाराचा पट्टा (ब्रेस) लावून ठरलेल्या अंशापर्यंत लवकर वाकवायला लावतात.

रोनाल्डोचा २०००-०१ चा पूर्ण हंगाम गेला. २००२ च्या विश्वचषकात त्याने ८ गोल केले, अंतिम सामन्यातले दोन्ही त्याचेच. फिजिओथेरपीला आलेल्या पेशंटला हे उदाहरण हमखास ऐकवतात. फेब्रुवारी २००८ मध्ये एसी मिलानकडून खेळताना त्याच्या डाव्या गुडघ्याची तीच कंडरा तुटली, हे मात्र कुणी सांगत नाही.