शोभादर्शक गोधडी : कापडाची निवड

शोभादर्शक गोधडी हा तुकडेजोड गोधडीचा एक प्रकार. एकाच छापाच्या कापडातून तंतोतंत सारखे कापलेले सहा किंवा आठ त्रिकोण टोकाला टोक भिडवून शिवले, की शोभादर्शकात दिसते तशी चक्राकार नक्षी उमटते. शोभादर्शक, म्हणजे कॅलिडोस्कोप, स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१६ मध्ये बनवला आणि १८१७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. गोधडीतला हा प्रकार मुख्यतः अमेरिकेत वाढला. न्यूयॉर्कच्या पॉला नेडलस्टर्न या त्यातल्या विशेष नावाजलेल्या कलावंत.

मराठी घरातली गोधडी उरल्यासुरल्यातून होते. जुने नऊवारी लुगडे, धोतर, शिंप्याकडच्या चिंध्या (इंदुरी मराठीत ‘कतरन’) हे तिचे भांडवल. शोभादर्शक गोधडी याच्या नेमकी उलट आहे. तिला एकाच छापाचे चार-पाच मीटर सलग कापड लागते आणि कापून झाल्यावर उरते ते जाळीसारखे भोकाभोकांचे. ‘नवंकोरं कापड फाडून गोधडी?’ हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा आक्षेप म्हणूनच अगदी रास्त आहे. कतरनीतून करायचीच, तर या प्रकाराचे साधे रूप निवडावे. त्यात आठ पाकळ्यांच्या अष्टकोनात एक फिकी, एक गडद अशा साध्या रंगांच्या पाकळ्या येतात. असे ठोकळे, म्हणजे शिवून झालेले अष्टकोन, शेजारीशेजारी लावले की सरळ शिवणींतूनच गोल वर्तुळे असल्याचा भास होतो. इथे रंगापेक्षा गडद-फिक्याचा फरक मोलाचा. लाल आणि हिरवा डोळ्यांना वेगळे दिसतात, पण मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढला की दोन्ही कित्येकदा एकाच राखाडी छटेचे निघतात आणि वर्तुळे विरून जातात. अशा पाकळ्यांसाठी ब्लाउजचे टू बाय टू रुबिया सोयीचे, कारण मॅचिंग सेंटरमध्ये एकाच रंगाच्या दहा छटा शेजारीशेजारी लावून पाहता येतात.

छापील कापडाच्या रूपात मात्र सगळा हिशेब ‘रिपीट’चा, म्हणजे नक्षी लांबीत किती अंतराने पुन्हा येते याचा. षटकोनाला सहा रिपीट लागतात, अष्टकोनाला आठ. ते एकावर एक असे रचायचे, की वरच्या थरातल्या एका पानाच्या टोकातून टाचणी खुपसली तर खालच्या प्रत्येक थरात ती त्याच पानाच्या त्याच टोकातून जावी. रोटरी छपाईच्या यंत्रावरील रुळाचा घेर बहुधा ६४ सेंमी असतो, त्यामुळे गिरणीच्या कापडावरची नक्षी ६४ सेंमीवर किंवा त्याच्या निम्म्या, तिसऱ्या हिश्श्यावर फिरून येते. सहा रिपीट म्हणजे ३.८४ मीटर, आठ म्हणजे ५.१२ मीटर, वर छाटणीसाठी थोडे जास्त. ४४ इंची पन्ह्याच्या सहा थरांतून साडेनऊ सेंमी उंचीचे त्रिकोण कापले, तर शंभराच्या आसपास षटकोन मिळतात आणि शिवणी वजा जाता साधारण दोन चौरस मीटरचा मधला भाग तयार होतो.

हाच हिशेब साडीला लावून पाहावा. साडेपाच मीटरच्या छापील सुती साडीतून पदराचे मीटरभर गेले की साडेचार मीटर राहतात. ६४ सेंमीचे सात रिपीट. म्हणजे साडीत षटकोन बसतो, अष्टकोन सहसा बसत नाही. जुनी साडी असेल तर निऱ्यांचा खालचा भाग आणि बसण्याची जागा दोन्ही हातांनी ताणून बघावी. कापड चरचरले तर तेवढा पट्टा सोडावा, आणि मग सहाही उरत नाहीत.

छाप कसा असावा, याबाबत दुकानातली नजर फसवते. ताग्यावर देखणे दिसणारे, मोकळ्या जमिनीवर (नक्षीमागच्या मूळ रंगावर) नाजूक बुट्टी असलेले कापड इथे कुचकामी ठरते. प्रत्येक त्रिकोणात तीच जमीन आणि तीच बुट्टी येते, शंभर षटकोन भावंडांसारखे दिसतात. याउलट पडद्यासाठीही कुणी घेणार नाही असा भडक, दाटीवाटीचा, हातभर फुलांचा आणि वळणदार वेलींचा छाप कापल्यावर खुलतो. जमीन कमी, रंग चार-पाच, त्यांत एखादा अगदी गडद आणि एखादा जवळजवळ पांढरा, आणि नक्षी त्रिकोणाच्या दुप्पट-तिप्पट मोठी, एवढे असले की पुरे. पोस्टकार्डात त्रिकोणी खिडकी कापून ती ताग्यावर फिरवावी. दर वेळी खिडकीत वेगळे काही दिसले, तरच कापड घ्यावे.

दोन छोटे आरसे चिकटपट्टीने बिजागरीसारखे जोडून कापडावर उभे करण्याचीही पद्धत आहे. ६० अंशांत सहा, ४५ अंशांत आठ पाकळ्या दिसतात. ही युक्ती उपयोगी असली, तरी ती दाखवते तेच शिवून मिळेल असे नाही, आणि नवख्यांची निराशा इथेच होते. आरशात एकाआड एक पाकळी उलटी, प्रतिबिंबासारखी असते. कापडाचे सहा त्रिकोण मात्र सगळे सुलटेच असतात. त्यामुळे शिवल्यावर भिंगरीसारखी, एका दिशेने फिरणारी नक्षी येते. ती वाईट नव्हे, पण ती शोभादर्शकाची नव्हे. खरी आरशाची सममिती हवी असेल तर दोन वाटा आहेत: प्रत्येक त्रिकोण मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारख्या असलेल्या आकृतीतून कापायचा, किंवा दोन्ही अंगांनी सारखे दिसणारे कापड घेऊन एकाआड एक त्रिकोण पालथा घालायचा.

या दुसऱ्या वाटेसाठी इंदूरचा शेजार भाग्यवान आहे. महेश्वरी साडीचा ‘बुगडी’ काठ दोन्ही बाजूंनी वापरता यावा असाच विणलेला असतो. उज्जैनजवळच्या भैरवगडचे बाटिक मेण लावून रंगात बुडवलेले, म्हणून त्याची नक्षी उलट्या अंगालाही बरीचशी उतरते. मेणाच्या तड्यांच्या रेषा मात्र दर वेळी वेगळ्या, त्यामुळे सहा त्रिकोण जुळे होत नाहीत, फार तर भावंडे होतात. धार जिल्ह्यातल्या बागची छपाई एका अंगाची. पण तिच्यातले लाल-काळे भौमितिक ठसे मुळातच समतोल असल्याने पहिल्या वाटेला उत्तम. ठसा हाताने मारलेला असतो, दोन-तीन मिलिमीटर सरकतोच. म्हणून बाग प्रिंट थप्पी रचून कापू नये. पारदर्शक साच्यावर आकृती गिरवून एकेक त्रिकोण सुटा कापावा. वेळ चौपट लागतो.

इंदुरात खरेदीसाठी घाऊक भावात पूर्ण तागा हवा असेल तर महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट आणि छापील साड्यांसाठी सीतलामाता बाजार हे नेहमीचे ठिकाण. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, शहरातल्या इतर जुन्या गिरण्याही गेल्या, पण कापडाचा व्यापार हलला नाही. दुकानदाराला मीटर सांगण्याआधी रिपीट मोजावा. रुमालाएवढा नमुना पाहून कापड मागवणे या कामात धोक्याचे.

पोताबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. मध्यबिंदूपाशी सहा-आठ टोके आणि त्यांच्या दुमडी एकत्र येतात, म्हणून जाड खादी किंवा डेनिम तिथे गाठ धरते. केंब्रिक आणि पॉपलीन योग्य. चंदेरी, महेश्वरी झिरझिरीत आणि निसरडी असल्याने त्यांना मागून पातळ चिकट अस्तर इस्त्रीने लावावे लागते. कापड आधी धुऊन आटवावे, ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग जातो का पाहावे. मिठाच्या पाण्यात बुडवून कच्चा रंग पक्का होत नाही. मग कडक खळ द्यावी, कारण त्रिकोणाच्या दोन बाजू उरेब, म्हणजे धाग्याला तिरप्या, येतात आणि शिवताना ताणतात. षटकोनाची बाहेरची बाजू शक्यतो सरळ धाग्यावर ठेवावी. शिवण पाव इंचाची. नक्षीतला जो ठिपका मध्यभागी यायला हवा, तो दोन्ही बाजूंच्या शिवणी जिथे मिळतात तिथे, म्हणजे षटकोनाच्या त्रिकोणात टोकापासून अर्धा इंच आत धरावा, नाहीतर तो शिवणीत गडप होतो.